साठ ग्रॅम उळं

कांद्याच्या बियांना म्हातारपण लवकर येतं. गहू, हरभरा, मूग नीट वाळवून ठेवले तर दोन-तीन वर्षांनीही उगवतात. कांद्याचं बी साध्या डब्यात, साध्या हवेत ठेवलं तर पहिल्याच पावसाळ्यात दमायला लागतं. दुसरा पावसाळा त्याने काढलाच, तर त्यातलं किती उगवेल याचा भरवसा राहत नाही. बरं, बी पेरून कांदा केला म्हणून सुटका होत नाही, कारण कांदाही टिकून टिकून किती टिकणार? चांगला उन्हाळ कांदा पाच-सहा महिने. दिवाळीच्या सुमाराला त्याला कोंब फुटतात. तेव्हा तो परत जमिनीत लावायचा, मग त्याला फुलं येतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात बी. बीपासून बीपर्यंत जवळजवळ दोन वर्षं. या दोन वर्षांत कुठेही हयगय झाली तर घरचं बी संपतं आणि माणूस दुकानात जाऊन पाकीट घेतो.

आमच्याकडे, म्हणजे नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या बीला उळं म्हणतात. काळं, तीन कोनी, सुरकुतलेलं. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे दाणे बसतात. पुण्यात माझ्या रूममेटला मी ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ही तर कलौंजी." असं बऱ्याच जणांना वाटतं, पाककृतींतही कलौंजीला सर्रास कांद्याचं बी म्हटलेलं असतं. पण कलौंजीचं झाड निराळं, कांद्याशी त्याचं काही नातं नाही. नानवर शिंपडतात ते उळं नव्हे. उळं कोणी खात नाही. ते फक्त पेरतात.

माझ्याकडे ते आलं २०२३च्या दिवाळीत. आजीने जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे घेऊन जा. इथे आता कोणी टाकणार नाही."

* * *

आमचं गाव चांदवड तालुक्यात. घरची सहा एकर जमीन, ती नाना म्हणजे माझे काका बघतात. माझे वडील पंचवीस वर्षांपूर्वी नाशिकला कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. उन्हाळ कांदा हे आमच्या घरचं मुख्य पीक. त्याचं बी मात्र ना नानांचं खातं होतं, ना आधी आजोबांचं. ते आजीचं.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं की आजी चाळीत बसलेली दिसायची. चाळ म्हणजे मुंबईची नव्हे, कांद्याची. खालून-बाजूने वारा खेळता राहील अशी, लाकडी-बांबूच्या पट्ट्यांची लांबट खोली. एप्रिल-मेमध्ये भरलेल्या चाळीत तोवर तळाचा कांदा उरलेला असायचा. त्यातून आजी डोंगळ्यासाठी कांदे निवडायची. डोंगळा म्हणजे कांद्याला येणारा पोकळ फुलाचा दांडा, ज्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो. खायच्या पिकात डोंगळा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तो कांदा पोसत नाही आणि टिकत नाही. बीसाठी मात्र डोंगळाच हवा.

मला वाटायचं, सगळ्यात मोठे कांदे बीसाठी ठेवत असतील. आजी मोठे कांदे बाजूला सारायची. तिला मध्यम कांदा हवा असायचा, मान बारीक आणि घट्ट मिटलेली, रंग फिका तांबूस, पापुद्रा न सुटलेला, आणि एवढे महिने पडून राहूनही कोंब न काढलेला. जोड कांदा नको. मानेची जाडी ती अंगठा आणि तर्जनीने बघायची. "जाड मानेचा कांदा म्हणजे उघडं दार, पाणी आत शिरतं," ती सांगायची. एक-दोन कांदे आडवे कापून बघायची, आत एकच डोळा आहे का. ज्याला दोन-तीन डोळे तो पुढे फुटणार.

ती काय करत होती हे मला फार उशिरा नीट समजलं. चाळीत जे सहा महिने टिकले त्यांनाच ती पुढे जाऊ देत होती. एका वर्षी एवढासा फरक पडतो. पण तीस-चाळीस वर्षं दर दिवाळीला हेच केलं की एका घरचा कांदा दुसऱ्या घरच्या कांद्याहून वेगळा होतो. आमचा कांदा फार मोठा व्हायचा नाही, पण चाळीत राहायचा. दिवाळीपर्यंत थांबायची ताकद असलेल्या कांद्यालाच थोडी आशा असते, कारण एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचाच माल निघतो आणि भाव पडलेला असतो. आमच्या घरातल्या दोन लग्नांचा आणि माझ्या इंजिनीअरिंगच्या फीचा बराचसा भाग त्या टिकण्यातून आला आहे.

* * *

२०२३चं वर्ष आमच्या भागाने सहजी विसरावं असं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचा भाव इतका पडला की राज्य सरकारला क्विंटलमागे साडेतीनशे रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा. ऑगस्टमध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क. नानांनी हिशोबाच्या पट्ट्या एका दाभणात ओवून ठेवलेल्या असतात. त्या वर्षीच्या पट्ट्या त्यांनी मला दाखवल्या. तोलाई, हमाली, गाडीभाडं वजा जाऊन काही पट्ट्यांवर उरलेली रक्कम मी पुण्यात एका रविवारी जेवणावर घालवते तेवढी होती. त्यात लावणीला मजूर मिळेना. कांद्याची लावणी अजूनही हाताने होते, वाकून, वीतभर रोप एकेक करून चिखलात टोचत. एकरी काही लाख रोपं. ते काम गावोगाव बायाच करतात, आणि त्यांच्या पाठीचा हिशोब कुठल्याच पट्टीवर नसतो.

नानांनी ठरवलं, यंदा रब्बीला मका. कांदा बंद. पुढे ८ डिसेंबरला निर्यातच थांबली, ती २०२४च्या मे महिन्यात सुरू झाली. तेव्हा नाना फोनवर एवढंच म्हणाले, "बरं झालं नाही लावला." त्यांचा निर्णय चूक होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. सहा एकरांवर ज्यांचं घर चालतं त्यांना बी जपायला सांगण्याचा अधिकार पगार खात्यावर जमा होणाऱ्या माणसाला नाही.

पण त्या वर्षीच्या मे महिन्यात आजीने चोळून काढलेलं शेवटचं उळं घरात होतं. ते त्या हिवाळ्यात पेरलं नसतं तर संपलं असतं. तिचं वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याला धड दिसत नाही, तासभर बसलं की गुडघे धरतात. मला ती विचारत नव्हती, सांगत होती.

* * *

पुण्यात धनकवडीला आम्ही तिघी भाड्याने राहतो. तिसरा मजला, वर गच्ची. घरमालक काकांना विचारलं तर म्हणाले, "गळती झाली नाही म्हणजे झालं." मग भाजीवाल्याकडून जुने प्लॅस्टिकचे क्रेट घेतले, आत गोणपाट लावलं, माती, शेणखत आणि थोडी वाळू. कांद्याची मुळं वरवरच राहतात, वीतभर खोल माती पुरते. ऊन मात्र दिवसाला सहा तास तरी हवं.

घरी कांदा करून बघायचा असेल तर सांगते. ऑक्टोबर ते नोव्हेंबरमध्ये बी टाकायचं. बोटाने अर्धा इंच खोल रेघ ओढायची, त्यात विरळ पेरायचं, वरून चाळलेलं खत भुरभुरायचं आणि झारीने पाणी. दाट पेरलं, पाणी साचलं, तर रोपं जमिनीलगत कुजून लोळतात. त्याला मर म्हणतात, आणि ती दोन दिवसांत अख्खा वाफा नेते. सात-आठ दिवसांत उगवण दिसते. कांद्याचा अंकुर सरळ वर येत नाही. आधी दुमडलेल्या दोऱ्यासारखा, कमरेत वाकलेला येतो, मग एक टोक मातीतून सोडवून घेऊन उभा राहतो, आणि काही दिवस काळ्या बीचं टरफल टोकावर टोपीसारखं मिरवतो. माझी दुसरी रूममेट, जिला झाडांचं काहीही पडलेलं नाही, ती तो आठवडाभर रोज सकाळी ब्रश तोंडात धरून गच्चीवर यायची.

सात-आठ आठवड्यांनी रोप पेन्सिलपेक्षा बारीक, वीतभर उंच झालं की उपटून चार-चार बोटांवर लावायचं. मग जानेवारी, फेब्रुवारी नुसती पात. खाली काही होत नाही असं वाटतं. कांद्याला गोल व्हायचं आहे हे वय सांगत नाही, दिवस सांगतो. दिवसाची लांबी ठरावीक तासांच्या वर गेली आणि ऊन तापलं की तो पातीतला माल खाली भरायला लागतो. आपल्याकडच्या वाणांना साधारण बारा तासांचा दिवस पुरतो. युरोपातल्या कित्येक वाणांना चौदा-सोळा तास लागतात. पुण्यात सगळ्यात मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून मागवलेलं सुंदर पाकीट इथे जन्मभर पातच देत राहील, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. बी कुठलं, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

एप्रिलमध्ये पाती मानेतून वाकून आडव्या पडायला लागतात. निम्म्या माना पडल्या की काढणी. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. काढल्यावर तीन-चार दिवस पातीसकट सुकवायचं, एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर पडेल असं, म्हणजे ऊन लागून कांदा भाजत नाही. मग मानेला पीळ देऊन दोन-तीन बोटं वर कापायची.

मला एकशे बारा कांदे मिळाले. त्यातली गोलटी आम्ही तिघींनी खाल्ली.

"बाकीचे?" रूममेटने विचारलं. मे महिना, कांदाभजी नाही पण दही-कांद्याची कोशिंबीर रोज होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाळीच्या पिशवीत सत्तर-पंचाहत्तर कांदे टांगलेले. "ते नाही," मी म्हटलं. ती खाली जाऊन किलोभर कांदे विकत घेऊन आली. घरात कांदा असताना कांदा विकत आणणाऱ्या आम्ही गल्लीतल्या एकमेव असू.

* * *

पावसाळ्यात दर रविवारी पिशवी उतरवून एकेक कांदा दाबून बघायचा. मऊ लागला की काढायचा. जुलैत सात गेले, ऑगस्टमध्ये अकरा. सप्टेंबरात कोंब यायला लागले. नोव्हेंबर २०२४ उजाडेपर्यंत एकतीस उरले, घट्ट, मान मिटलेली. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवले. तिला स्क्रीनवर काही दिसत नाही. म्हणाली, "वाजवून दाखव." मी दोन कांदे एकमेकांवर आपटले. "लाव," ती म्हणाली.

एकतीस कांदे परत क्रेटमध्ये गेले. जानेवारीच्या थंडीत दांडे वर आले, फेब्रुवारीत गोंडे उमलले. एका गोंड्यात काहीशे बारीक फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे चालतं. प्रत्येक फुलात आधी पराग झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे एक फूल स्वतःचं स्वतः भागवू शकत नाही. त्याला दुसऱ्या फुलाचा पराग लागतो, आणि तो आणायला माशी लागते. गावी डोंगळ्यांच्या वाफ्यावर मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. गच्चीवर त्या येतील का, मला खात्री नव्हती. म्हणून रोज ऑफिसला जायच्या आधी तळहात एका गोंड्यावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवायचे. आठवड्याभराने छोट्या फुलोरी माश्या आल्या. कुठून आल्या ते समजलं नाही. आसपास सगळं सिमेंट आहे.

याच दिवसांत राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला माझा मावसभाऊ घरी आला होता. त्याने गच्चीवर चक्कर मारली, कौतुक केलं आणि मग सरळ बोलला. "ताई, एकतीस झाडांनी वाण टिकत नाही. कांदा परपरागीभवनाचं पीक आहे. थोड्याच झाडांचा आपसात संकर होत राहिला तर दोन-तीन पिढ्यांत ताकद जाते. कांदे लहान होतात, बी कमी धरतं. शेकड्याने झाडं हवीत. आणि एवढ्या गच्च्यांमध्ये कोणी दुसरा कांदा फुलवला तर तुझं बी शुद्धही राहणार नाही." बीजोत्पादनात दोन वाणांच्या मध्ये किलोमीटरभर अंतर राखायला सांगतात, हेही त्याने सांगितलं.

मला राग आला, पण तो बरोबर होता. धनकवडीच्या गच्चीवर मी एक पिढी ओढून आणू शकत होते. दुसरी कदाचित. त्यापुढे मी आजीचं बी जपते आहे असं नुसतं म्हणत राहिले असते, आणि क्रेटमध्ये दरवर्षी थोडा अशक्त कांदा वाढला असता.

एप्रिलअखेर गोंड्यांतली बोंडं तडकून आतलं काळं दिसायला लागलं. वीतभर दांड्यासकट कापले, चादरीवर सुकवले, तळहातावर चोळले, सुपाने पाखडले. आजीच्या पद्धतीने पाण्यात टाकून तरंगलेलं फेकलं, बुडालेलं लगेच सावलीत वाळवलं. किचनच्या काट्यावर भरलं साठ ग्रॅम. एकरी तीन-चार किलो उळं लागतं. म्हणजे दोन वर्षांच्या माझ्या कामातून एक गुंठाही नीट लागला नसता.

* * *

मे महिन्यात ती साठ ग्रॅमची बाटली घेऊन गावी गेले. आजीने झाकण उघडून बी तळहातावर घेतलं, बोटांनी चाळवलं आणि म्हणाली, "भरलेलं आहे." मग मी तिला मावसभावाचं म्हणणं सांगितलं. एवढ्याने वाण टिकणार नाही, आणि दुसऱ्याच्या कांद्याजवळ लावलं तर आपलं राहणार नाही.

ती हसली. "आपलं कुठलं? माझ्या लग्नात आईने सटाण्याहून पदरात बांधून दिलेलं. इथे आले तेव्हा सासूचं वेगळं होतं. दोन्ही शेजारी शेजारी फुलायचं. एका वर्षी पाण्याने सगळं गेलं तर खालच्या मळ्यातल्या जावेकडून शेरभर आणलं. मग तिचं गेलं तेव्हा तिने नेलं. माश्या काय, सातबारा बघून बसतात होय?"

मी दोन वर्षं जे 'आमचं' म्हणून सांभाळत होते ते निदान तीन घरांचं होतं. ज्या बायकांचं ते होतं, त्यातल्या एकीच्याही नावावर सातबारा नव्हता. आजीच्या नावावरही नाही. बी मात्र त्या एकमेकींना देत आल्या, कारण ज्याचं बी एका वर्षात मरतं त्याला ते साठवून श्रीमंत होता येत नाही. दुसरीकडे थोडं ठेवलं तरच, आपलं गेल्यावर, मागायला जागा राहते. निवडायचं कसं हे मात्र प्रत्येकीने आपल्या चाळीत बसून ठरवलं. आमच्या घरचं जे काही होतं ते त्या निवडण्यात होतं. मान बोटात धरून बघण्यात, मोठा कांदा बाजूला ठेवण्यात.

संध्याकाळी खालच्या मळ्यात गेले. आजीच्या त्या जावेची सून, मी त्यांना काकू म्हणते, अजून दोन एकर कांदा लावतात आणि घरचंच उळं टाकतात. २०२०मध्ये पावसाने डोंगळ्यांचं नुकसान होऊन बियाण्याचे भाव कुठच्या कुठे गेले होते, सरकारने ऑक्टोबरअखेर कांद्याच्या बियाण्याची निर्यातही थांबवली होती. त्या वर्षीही त्यांनी पाकीट विकत घेतलं नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. मी बाटली पुढे केली. "काकू, तुमच्या उळ्यात हे मिसळाल का?"

त्यांनी बी बघितलं. "तुमच्या आजीचं ना? त्यांचा कांदा टिकायचा. आमचा फुगतो चांगला, पण श्रावणात कोंब काढतो." मग म्हणाल्या, "वेगळा वाफा टाकते आधी. कांदा बघू. आवडला तर डोंगळे एकत्र लावू."

पन्नास ग्रॅम त्यांना दिलं. दहा ग्रॅम मी परत आणलं. ते गच्चीवर टाकेन, यंदा खाण्यासाठी. वाण टिकवायचा भार आता त्या क्रेटवर नाही. दिवाळीला गावी जाईन तेव्हा काकूंच्या चाळीत बसायचं ठरलं आहे. त्यांच्या चाळीत यंदा त्यांचाच कांदा असेल, आमचा पुढच्या दिवाळीला. पण त्या म्हणाल्या की त्यांची सासू गेल्यापासून डोंगळ्याचे कांदे त्या एकट्याच निवडतात, आणि निवडताना कोणी बोलायला असलं तर बरं. मी त्यांना मान कशी बघायची ते दाखवणार आहे. त्या मला, त्यांचा कांदा एवढा फुगतो कसा, ते सांगणार आहेत.